लिंगाचं इम्प्लांट किती वर्षं टिकतं, आणि निकामी होतं ते कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा : वय ५४, राहणार कोपरखैरणे, १५ वर्षांपासून मधुमेह. गोळ्यांचा उपयोग होईनासा झालाय, इंजेक्शननेही जेमतेम ताठरता येते. वाशीच्या यूरोलॉजिस्टनी पंपाचं तीन भागांचं इम्प्लांट सुचवलंय, तर ठाण्यात दुसरं मत घेतलं तिथे ‘साधी वाकणारी रॉड पुरे’ असं सांगितलं. खर्च मोठा आहे. हे किती वर्षं चालतं, बिघडलं तर काय करतात, आणि यावर भरवसा ठेवावा का?

पंपाचं इम्प्लांट म्हणजे लिंगात फुगणारे दोन सिलिंडर, अंडकोषाच्या पिशवीत पंप आणि ओटीपोटात सलाईनची टाकी. रचना पुढे सविस्तर येईलच, आधी आकडे घेऊ. पंपाचं इम्प्लांट ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये मांडलं. तंत्र पन्नाशी ओलांडलेलं आहे, त्यामुळे लांब पल्ल्याच्या नोंदी भरपूर आहेत. वेगवेगळ्या केंद्रांचे निकाल एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात चित्र साधारण असं दिसलं : बसवलेल्या १०० उपकरणांपैकी वर्षभराने ९३, पाच वर्षांनी ८७, दहा वर्षांनी ७७, पंधरा वर्षांनी ६४ आणि वीस वर्षांनी ५३ उपकरणं न बदलता, न काढता जागेवर होती. तुमच्या वयाच्या हिशेबाने, आज बसवलं तर चौसष्टाव्या वर्षी तेच उपकरण चालू असण्याची शक्यता चारात तीन, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी जवळपास निम्मी. म्हणजे पुढच्या आयुष्यात एकदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते हे धरूनच निर्णय घ्या. यातही एक मेख आहे. वीस वर्षांचे आकडे वीस वर्षांपूर्वी बसवलेल्या मॉडेलांचेच असणार. २००० च्या सुमारास सिलिंडरच्या आतल्या थरांवर घर्षण कमी करणारं पॅरिलीनचं आवरण आलं, सिलिंडर आपोआप भरणं रोखणारी झडप टाकीला आली, अँटिबायोटिकचे लेप आले. आजची उपकरणं त्या आकड्यांपेक्षा काहीशी बरी चालतील, वाईट नाहीत.

मात्र ‘निकामी झालं’ या एका रकान्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी येतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय टिकाऊपणाचा विचार करण्यात अर्थ नाही. एक म्हणजे यंत्र बिघडणं. सलाईन गळतं, ताठरता येत नाही, पण दुखत नाही, ताप नाही. सवडीने तारीख ठरवून नवं बसवता येतं आणि माणूस पुन्हा होता तिथे येतो. दुसरी म्हणजे जंतुसंसर्ग. त्यात सगळं उपकरण काढावं लागतं, आतली जागा व्रण धरून आकसते, लिंगाची लांबी काही सेंटिमीटरने जाऊ शकते आणि पुढच्या वेळी बसवणं फार अवघड होतं. पहिली गोष्ट खर्चाची आणि गैरसोयीची आहे. दुसरी कायमचं नुकसान करणारी आहे. रुग्ण सगळे प्रश्न पहिलीबद्दल विचारतात. काळजी दुसरीची घ्यायला हवी, कारण तिच्यातला बराच भाग शस्त्रक्रियेआधी तुमच्याच हातात असतो.

यंत्राची रचना समजली की बिघाड समजायला सोपे जातात. लिंगात दोन बाजूंना दोन लांबट पोकळ्या असतात. एरवी त्यांत रक्त भरून अडकतं तेव्हा ताठरता येते. शस्त्रक्रियेत प्रत्येक पोकळीत एक सिलिंडर बसतो. अंडकोषाच्या पिशवीत, दोन वृषणांच्या मधोमध, पंप असतो. ओटीपोटात मूत्राशयाच्या पुढच्या जागेत किंवा पोटाच्या स्नायूंच्या मागे सलाईनची छोटी टाकी ठेवतात. कंपनी आणि आकारानुसार तिच्यात ६५ ते १२५ मिलिलीटर मावतं. हे तिन्ही भाग बारीक नळ्यांनी जोडलेले असतात आणि सगळी व्यवस्था बंद असते. पंप दाबत गेलात की सलाईन टाकीतून सिलिंडरमध्ये येतं, सोडायचं बटण दाबलं की परत जातं. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी दोन मॉडेल म्हणजे बॉस्टन सायंटिफिकचं एएमएस ७०० आणि कोलोप्लास्टचं टायटन. पहिल्यावर रिफॅम्पिसिन आणि मिनोसायक्लिनचा लेप कारखान्यातच दिलेला असतो. दुसऱ्यावर पाणी शोषणारा थर असतो, तो ऑपरेशन थिएटरमध्ये अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवून घेतात. या दोन्हींत कोणतं अधिक टिकतं यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते चांगलं.

बिघाड बहुतेक वेळा सलाईन गळण्याचाच असतो. नळी पंपाला किंवा सिलिंडरला जिथे जोडलेली असते तिथे ती वर्षानुवर्षं वाकून वाकून चिरते. दुसरी जागा म्हणजे सिलिंडरवर पडलेली घडी. पोकळीच्या मापापेक्षा सिलिंडर किंचित लांब बसला तर तो आत दुमडतो, आणि त्या घडीच्या रेषेवर घासला जाऊन काही वर्षांनी बारीक चीर जाते. म्हणून माप घेणं हा या शस्त्रक्रियेचा कणा आहे. पोकळी पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजतात, बेरीज करतात आणि सिलिंडरच्या मागे लहान टोपणं लावून लांबी जुळवतात. टोपणं फार लावली तर फुगणारा भाग तेवढा आखूड पडतो आणि मुळाशी डगमग राहते. म्हणजे लांबही चालत नाही आणि आखूडही नाही.

गळती सुरू झाल्याची खूण अशी : आधी जेवढ्या दाबांत पूर्ण ताठरता यायची त्यापेक्षा जास्त दाब लागू लागतात, मग पूर्वीइतकी कडक होत नाही, आणि शेवटी पंप दाबला की चपटाच राहतो. गळालेलं सलाईन शरीर शोषून घेतं, त्याने अपाय होत नाही. पण कोणी ‘सुईने परत भरून देतो’ म्हणालं तर तिथून उठा. हे उपकरण बाहेरून भरायचं नसतं. आणि हेही आत्ताच लक्षात ठेवा की इम्प्लांट बसल्यावर ताठरतेची इंजेक्शनं लिंगात कधीच घ्यायची नाहीत, सुईने सिलिंडर फुटतो.

पंप चपटा राहिला म्हणजे दर वेळी गळतीच असते असंही नाही. बरेच दिवस वापरलं नसेल तर आतली झडप चिकटून बसते. सोडायचं बटण दोन ते चार सेकंद घट्ट दाबून धरा, सोडा, मग पंपाच्या फुग्याच्या दोन्ही कडा जोरात दाबून पाहा. पहिला दाब कडक जातो, नंतर सुरळीत होतं. दोनतीनदा करूनही नाही झालं तर सर्जनकडे जा. सोनोग्राफीत टाकी रिकामी आहे की भरलेली हे कळतं आणि प्रश्न तिथेच मिटतो.

उलटा प्रकारही होतो. जड उचलताना किंवा खाली वाकताना थोडं सलाईन आपोआप सिलिंडरमध्ये येतं आणि अर्धवट ताठरता राहते. कारण टाकीभोवती शरीराने धरलेलं आवरण तिला आवळतं. नव्या झडपांमुळे हे कमी झालंय. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे सिलिंडर रिकामे आणि टाकी भरलेली ठेवायला सांगतात ते याचसाठी. आवरण भरलेल्या टाकीच्या मापानेच तयार व्हावं.

यंत्र बिघडल्यावर काय बदलायचं? बसवून दोनेक वर्षांच्या आत एखादाच भाग बिघडला असेल तर तेवढा बदलण्याचा विचार होऊ शकतो. त्यापुढे सगळा संच बदलणं बरं. उरलेले भागही तेवढेच वापरलेले असतात, आणि पुन्हा वर्षभरात पोट-पिशवी उघडण्यात शहाणपण नाही. जुनी टाकी खोलवर रुतलेली असेल तर ती रिकामी करून तिथेच सोडतात, तो निष्काळजीपणा नव्हे, मान्य पद्धत आहे. जुनं काढल्यावर आतली जागा अँटिबायोटिक आणि जंतुनाशक द्रावणांनी भरपूर धुतली जाते, आणि ती धुतली जाणार आहे का हे आधीच विचारून ठेवा. कारण वरून अगदी ठणठणीत दिसणाऱ्या, केवळ बिघडलेल्या उपकरणांवरही सुमारे ७० टक्के वेळा जंतू वाढलेले सापडले आहेत. ते झोपलेले असतात आणि हात लागला की उठतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत संसर्गाचं प्रमाण पहिलीपेक्षा कितीतरी जास्त असतं ते यामुळे.

आता संसर्ग. पहिल्यांदा बसवताना, लेप असलेलं उपकरण आणि सरावलेला सर्जन असेल तर प्रमाण १ ते ३ टक्के. मधुमेहात थोडं वर जातं. सिलिकॉनवर जंतू चिकट थर करून बसतात, त्यात औषध शिरत नाही, त्यामुळे महिनोन्महिने अँटिबायोटिक घेऊन उपकरण वाचत नाही. नुसती वेळ जाते. बहुतेक संसर्ग पहिल्या तीन महिन्यांत उघडे पडतात, काही वर्षभरात. ताप, पू आणि लालसर सूज कोणालाही कळते. फसवा प्रकार मंद असतो : दुखणं कमी होण्याऐवजी हळूहळू वाढतं, आणि पंप पिशवीच्या कातडीला आतून चिकटतो. निरोगी पिशवीत बोटांनी धरलं तर कातडी पंपावरून सहज सरकते. सहा-आठ आठवड्यांनी ती एका जागी घट्ट बसलेली वाटली, वर लालसर छटा असली, तर त्याच दिवशी ज्याने शस्त्रक्रिया केली त्याला दाखवा. फॅमिली डॉक्टरकडून पाच दिवसांचं अँटिबायोटिक घेऊन थांबणं ही इथे सर्वांत महाग पडणारी गोष्ट. त्या पाच दिवसांत उपकरण वाचवण्याची संधी निघून जाऊ शकते.

संधी कोणती? संसर्ग लवकर सापडला आणि रुग्ण फार आजारी नसला तर जुनं सगळं काढून, एकामागून एक द्रावणांनी जागा धुऊन, त्याच बैठकीत नवं बसवता येतं. अमेरिकेतल्या डॉ. मल्काही यांनी १९९६ मध्ये ही पद्धत मांडली आणि ती सुमारे ८० टक्के यशस्वी ठरते. पंपाच्या जागी तात्पुरती वाकणारी रॉड बसवली तर यश आणखी वाढतं. पुढे सवडीने रॉडच्या जागी पंप येतो. लांबी वाचते हा यातला खरा फायदा. मात्र संसर्ग रक्तात पसरला असेल, शुगर बेफाम असेल किंवा कातडी काळी पडली असेल, तर सगळं काढून थांबण्याशिवाय मार्ग नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू.

तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीएवनसी. एका मोठ्या अभ्यासात ८.५ च्या वर संसर्ग ठळकपणे वाढलेला दिसला, तर काही अभ्यासांत अशी स्पष्ट रेषा सापडली नाही. व्यवहारात मात्र ८.५ च्या वर असताना तारीख घेण्याची घाई करू नये हे माझं स्पष्ट मत. ताठरतेसाठी तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. ७.५ च्या आसपास आणा आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीची साखरही ताब्यात असू द्या. तुमच्या मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन आहे का ते पाहा. हल्ली बऱ्याच जणांना असतं. ही औषधं लघवीतून साखर बाहेर काढतात, त्यामुळे लिंगाच्या टोकाला आणि कातडीखाली बुरशी होते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात आम्ल वाढण्याचा धोकाही असतो. ती किमान तीन दिवस आधी बंद करावी लागतात. पण स्वतःहून नाही, मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून पर्याय घेऊनच. टोकाची कातडी मागे जात नसेल, चिरा पडल्या असतील, तर त्याचा इलाज आधी.

दुसरी गोष्ट जांघेतलं गजकर्ण. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, घामाने आणि ओल्या कपड्यांनी ते घराघरांत असतं, आणि लोक मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणून लावतात. खाज थांबते, बुरशी पसरते, कातडी पातळ होते. त्या कातडीतून छेद घेणं म्हणजे संसर्गाला दार उघडून देणं. त्वचारोगतज्ज्ञांकडून नीट उपचार घ्या, कातडी पूर्ण स्वच्छ झाल्यावरच तारीख घ्या. जमलं तर पावसाळ्यात हे ऑपरेशन ठेवूच नका. पायाच्या भेगा, करट, हिरडीतला पू आणि लघवीतला जंतुसंसर्ग हे सगळं आधी तपासून मिटवायचं. लघवीचं कल्चर सांगितलं नसेल तर मागून घ्या. घरी रेझरने केस काढू नका, बारीक जखमा होतात. ते काम थिएटरमध्ये क्लिपरने होतं. आधीच्या दिवसापासून क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने आंघोळ. सिगारेट, तंबाखू, मिसरी किमान चार आठवडे आधीपासून बंद, कारण निकोटीनने जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो.

आणि हृदय. १५ वर्षांचा मधुमेह आणि गेलेली ताठरता यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, रक्तवाहिन्या. भूल देण्याआधी टू-डी इको आणि हृदयरोगतज्ज्ञांचं मत नुसतं कागद भरण्यापुरतं घेऊ नका.

सर्जन कसा निवडायचा? वर्षाला पंपाची किती इम्प्लांट करता, हे सरळ विचारा. संकोच तुम्हाला वाटेल, चांगल्या सर्जनला वाटणार नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या नोंदींवरून स्पष्ट दिसलंय की जास्त इम्प्लांट बसवणाऱ्या सर्जनकडे संसर्गामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कमी येते. वर्षाला एखाद-दुसरं करणाऱ्याकडे जवळ पडतं म्हणून जाण्यापेक्षा मुंबईला खेप घाला. ट्रेनच्या डब्यातल्या ‘गुप्तरोग’च्या जाहिराती किंवा रातोरात ताकद देणारी तेलं यांच्या वाटेला जायचंच नाही हे तुम्हाला सांगायला नको.

आता रॉड की पंप. तुम्हाला मिळालेली दोन्ही मतं चुकीची नाहीत, ती वेगवेगळ्या गोष्टींना महत्त्व देतात. वाकणारी रॉड म्हणजे धातूच्या गाभ्यावर सिलिकॉन, जाडी ९.५ ते १४ मिलिमीटरच्या दरम्यान. हलणारा भाग नाही, सलाईन नाही, म्हणून यांत्रिक बिघाड फार कमी. वर्षानुवर्षं वाकवून गाभ्यातला ताण जातो, एवढंच. खर्च पंपाच्या कितीतरी पट कमी. मुंबईच्या डॉ. रूपिन शहा यांनी तयार केलेलं भारतीय इम्प्लांट याच कुळातलं. त्यात बिजागरीसारखा मऊ भाग आणि जाडी जुळवायला काढता येणारी आवरणं असतात, आणि कमी खर्चात आपल्याकडे ते बरंच वापरलं जातं. रॉडची अडचण अशी की लिंग चोवीस तास तितकंच कडक असतं. पातळ पँट, धोतर किंवा लुंगीत, गर्दीच्या लोकलमध्ये ते लपवावं लागतं. आणि आतून सतत दाब असल्याने टोकाशी कातडी किंवा लघवीचा मार्ग झिजून रॉड बाहेर येण्याचा धोका पंपापेक्षा जास्त. मणक्याच्या दुखापतीने संवेदना गेलेल्यांना हे कळतच नाही, त्यांना तर दर महिन्याला टोक आरशात पाहायची सवय लावावी लागते. पुढे प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर रॉड मध्ये येते, पंप रिकामा करता येतो.

माझं मत : खर्च झेपत असेल, बोटांत ताकद असेल आणि शुगर ताब्यात येत असेल तर ५४ व्या वर्षी पंप. बोटं संधिवाताने वाकलेली असतील, पार्किन्सन असेल, नजर कमजोर असेल, किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च परवडणारच नसेल तर रॉड, आणि त्यात कमीपणा काही नाही. मधुमेहात बोटांच्या टोकांची संवेदना गेलेली असते हे अनेकदा लक्षातच येत नाही. क्लिनिकमध्ये नमुन्याचा पंप हातात घेऊन डोळे मिटून बटण सापडतं का ते पाहा. नाही सापडलं तर ते काम पत्नी करणार आहेत का, हे आत्ताच ठरवा.

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. हा निर्णय परतीचा नाही. सिलिंडरसाठी पोकळी रुंद केली की आतला स्पंजसारखा भाग दबतो. नंतर उपकरण काढलं तरी मूळची ताठरता परत येत नाही, गोळ्याही लागू पडत नाहीत. म्हणून सिल्डेनाफिल १०० मिलिग्रॅमपर्यंत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ वेळा घेऊन पाहिलं होतं का? हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ते घ्यायचंच नाही, हे वेगळं. टेस्टोस्टेरॉन सकाळच्या रक्तात मोजलं का? इंजेक्शनचा डोस वाढवून पाहिला का? लिंगातला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, म्हणजे डॉप्लर, झाला का? या चारांची उत्तरं ‘हो’ असतील तर पुढे जा.

समाधानाचे आकडे चांगले आहेत, दहातल्या आठ-नऊ पुरुषांकडून समाधान नोंदलं जातं, पत्नींचं प्रमाणही त्याच्या जवळपास. जे नाराज होतात त्यांची पहिली तक्रार लांबीची. विशीतली लांबी इम्प्लांटने परत येत नाही. आज मऊ लिंग टोकाला धरून सरळ ताणलं तर जेवढं भरतं, साधारण तेवढंच मिळेल. शस्त्रक्रियेआधी हे मोजून सर्जनकडून कागदावर लिहून घ्या, नंतरचे अर्धे वाद मिटतात. दुसरं म्हणजे टोक. सिलिंडर टोकापर्यंत जात नाही, टोक फुगत नाही, ते थोडं मऊ आणि गार राहतं. सिलिंडर आखूड पडला असेल तर टोक खाली लोंबतं, तो मापाचा दोष आहे आणि दुरुस्त करावा लागतो. स्पर्श, वीर्यपात, संभोगसुख, लघवी आणि इच्छा यांत इम्प्लांटने फरक पडत नाही. आधी जे कमी होतं ते कमीच राहतं. पत्नीचं वय पन्नाशीच्या आसपास असेल तर पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा असतो, वर्षानुवर्षं संबंध नसतात, आणि नवऱ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनाच दुखायला लागतं. त्यांना पहिल्या भेटीपासून सोबत न्या, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, वंगणाची जेली घरात असू द्या.

शस्त्रक्रिया साधारण तासा-दीड तासाची, पिशवीच्या वरच्या भागात तीन-चार सेंटिमीटरचा छेद, दवाखान्यात एक-दोन रात्री. पिशवी निळी-जांभळी होते आणि सुजते, पहिले दहा दिवस घट्ट लंगोट किंवा सपोर्टर, बसताना मांडी घालणं टाळा. लिंग वर बेंबीकडे ठेवा. सुमारे आठवड्यापासून, सर्जनने सांगितल्यावर, रोज गरम पाण्याच्या आंघोळीत पंप हलक्या हाताने खाली ओढायचा. हे न केल्याने पंप वर सरकून मुळाशी बसतो आणि मग कधीच हाताशी येत नाही. पहिल्यांदा भरणं तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान, क्लिनिकमध्ये. सुरुवातीला दुखतं. मग काही महिने रोज एकदा पूर्ण भरून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि पूर्ण रिकामं करायचं. संबंध सहा आठवड्यांनंतर. दुचाकी, घोडबंदर रस्त्यासारखे खड्डे आणि जड उचलणं सहा आठवडे बंद.

टोकाशी कातडीखाली सिलिंडर टोचल्यासारखा दिसू लागला, तिथे कातडी पांढरी-पातळ झाली, तर कातडी फाटायच्या आत दाखवा. आतल्या आत असताना दुरुस्ती सोपी असते. कातडी फाटून उपकरण बाहेर दिसलं की ते संसर्ग झालंच असं धरून काढावं लागतं.

पुढच्या आयुष्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा इम्प्लांटबद्दल आपणहून सांगा. लघवीची नळी घालायची वेळ आली तर आधी सिलिंडर पूर्ण रिकामे करायचे, बारीक नळी वापरायची आणि लवकरात लवकर काढायची. अनेक दिवस राहिलेल्या नळीने लघवीचा मार्ग झिजून इम्प्लांट उघडं पडतं. हर्नियाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनला टाकी कोणत्या बाजूला आहे हे माहीत नसेल तर ती फुटते. सीटी स्कॅनमध्ये हीच टाकी गाठ किंवा मूत्राशयाचा फुगवटा म्हणून वाचली गेली आहे. एमआरआय सध्याच्या मॉडेलांना ठरावीक अटींवर चालतो, त्यासाठी मॉडेलचं नाव सांगावं लागतं. म्हणून उपकरणाच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावरचा स्टिकर, ज्यावर मॉडेल, माप आणि लॉट नंबर असतो, तो डिस्चार्ज पेपरवर चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. टाकी डावीकडे की उजवीकडे, हेही लिहून घ्या.

पैशाचं. वॉरंटी उपकरणाची असते, दवाखाना, भूल आणि सर्जनच्या फीची नसते. म्हणजे बिघडल्यावर नवं उपकरण फुकट मिळालं तरी बाकी बिल तुमचंच. भारतात वॉरंटीच्या अटी काय, तुटलेला भाग परत पाठवावा लागतो का, आणि ती वितरक बदलल्यावर चालते का, हे वितरकाकडून लेखी घ्या, तोंडी नको. आरोग्यविम्याच्या अनेक पॉलिसींत लैंगिक समस्यांवरचा खर्च वगळलेला असतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरनंतर किंवा अपघातानंतरची केस असेल तर काही वेळा वेगळी वागणूक मिळते. तारीख घेण्याआधी सर्जनच्या पत्रासह पूर्वपरवानगी मागा आणि नकार आला तरी तो लेखी घ्या. कोटेशनमध्ये उपकरणाची किंमत, थिएटर, भूल, खोली आणि संसर्ग झाल्यास त्याच सर्जनकडे पुन्हा करायची फी, हे वेगवेगळ्या ओळींत मागा. शेवटची ओळ कोणी आपणहून देत नाही.